भरली खोली वाफवली कुणी?

१

"शिजवली हो मॅडम! जिवंत खोली शिजवली कुणीतरी!"

गाडीचं दार मी नीट लावलंही नव्हतं, तोवर मशरूम फार्मचे बॉयलरवाले काका माझ्यापुढे येऊन ओरडायला लागले. मी विमा कंपनीची सर्व्हेअर. जळालेली दुकानं, बुडालेली गोदामं, दरीत गेलेले ट्रक, सगळं बघून झालंय माझं. नुकसान झालेला माणूस ओरडतो, रडतो आणि थोडं वाढवून सांगतो, हे माझ्या अंगवळणी पडलंय. म्हणून मी म्हटलं, "काका, आधी श्वास घ्या. मग दाखवा."

त्यांनी दोन नंबरच्या खोलीचं जाड दार ओढलं.

वास चक्क सूपचा. लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मला भूक लागली! आणि समोर छताला टेकणारे लोखंडी रॅक, प्रत्येक फळीवर खताचा वाफा, आणि त्या वाफ्यांवर राखाडी, सुरकुतलेला, पाणी गळणारा लगदा. काल संध्याकाळी तिथे पांढरेशुभ्र बटण मशरूम होते, बोट टेकवायला जागा नाही इतके दाट. आज सकाळी त्यांची पहिली तोडणी व्हायची होती, आणि त्याआधी बँकेचा साहेब ही भरली खोली डोळ्यांनी बघून जाणार होता.

रॅकच्या मधल्या वाटेत मालकीण उभी होती. तिला सगळे ताई म्हणतात. तोडणीची छोटी सुरी तिच्या हातात तशीच होती. एकाच वाफ्याकडे टक लावून बघत होती.

"ताई," मी हाक मारली. तिला ऐकूच गेलं नाही.

काकांनी मला बाहेर ओढलं. "मॅडम, नवरा गेला ना यांचा, तेव्हा भिंतीकडे तोंड करून वर्षभर पडून होत्या. जेवण नाही, बोलणं नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. या मशरूमनी उठवलं त्यांना. आता परत झोपल्या तर..."

मला नुकसान मोजायला पाठवलं होतं. हे कोण मोजणार?

२

बॉयलरजवळच्या बाकावर मी काकांना बसवलं आणि सगळं पहिल्यापासून विचारलं.

मशरूमचं पीक संपलं की खोली रिकामी करण्याआधी ती वाफवतात. दार बंद करून आत बॉयलरची वाफ सोडायची, म्हणजे खतातली रोगराई आणि माश्या जागच्या जागी मरतात, शेजारच्या खोलीत जात नाहीत. इथे खोल्या तीन. काल एक नंबरचं पीक संपलं, म्हणून काकांनी ती दिवसभर वाफवली आणि संध्याकाळी घरी गेले. बॉयलर गरमच होता. रात्री कुणीतरी भट्टीत सरपण टाकलं, दोन नंबरचा व्हॉल्व्ह फिरवला, आणि भरलेली खोली वाफवून टाकली.

"माझ्याच हातून झालं असेल," काका खाली बघत म्हणाले. "वय झालं. एकचा फिरवताना दोनचा फिरवला असेन."

"एक नंबरची खोली वाफवली गेली का?"

"हो, मस्त वाफवली गेली."

"आणि सकाळी दोनचा व्हॉल्व्ह उघडा होता?"

"नाही, बंद होता. तिन्ही बंद होते."

"मग तुमची चूक रात्री स्वतःहून उठली आणि व्हॉल्व्ह बंद करून झोपली का? उगाच अंगावर घेऊ नका काही."

मला राग असल्या भोळेपणाचाच येतो. माणसं दुसऱ्याचं पाप पदरात घेतात आणि आमचं काम वाढवतात! पण व्हॉल्व्ह बंद होता ही गोष्ट डोक्यात घर करून बसली. नासधूस करायला आलेला माणूस काम झालं की पळ काढतो. वाफ पुरी होईपर्यंत थांबून, व्हॉल्व्ह बंद करून, सरपण वाचवून कोण जातं?

मी परत खोलीशी गेले. दाराच्या खालच्या फटीत ओल्या टॉवेलची गुंडाळी घट्ट दाबून बसवलेली होती, वाफ जराही फुकट जाऊ नये म्हणून. आणि बाहेरच्या फळीवर एक पांढरं पुडकं होतं.

"हे काय आहे?"

"अरेच्चा, सेन्सर!" काका म्हणाले. "ओलावा मोजतो. महागाची वस्तू. वाफ लागली की कामातून जातो, म्हणून वाफवण्याआधी काढून ठेवायचा असतो."

"तुम्ही ठेवलात असा?"

"मी? मी बादलीत टाकतो मॅडम. ताई दरवेळी ओरडतात त्यावरून."

पुडकं मी हातात घेतलं. कापडाची चारही टोकं व्यवस्थित आत दुमडलेली, आणि एकाच टोकाचा छोटासा कान बाहेर ठेवलेला. तो कान चिमटीत धरून ओढला आणि सगळी घडी एका झटक्यात उघडली. आत सेन्सर कोरडा ठणठणीत.

एवढं पीक मारणाऱ्याने या यंत्राला तान्ह्या बाळासारखं गुंडाळून ठेवलं होतं. म्हणजे ज्याने खोली मारली त्याला हा फार्म मारायचा नव्हता.

३

फार्मला लागूनच घर. तिथे ताईची सासू भेटली. मोठ्या दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, म्हणून लहानथोर सगळे तिला सिस्टर म्हणतात. बाई ताठ, आवाज वॉर्डात घुमणारा.

"बरं झालं!" मी बसायच्या आधीच ती म्हणाली. "बुरशीच ती शेवटी. आमच्या वॉर्डात भिंतीवर उगवली तर आम्ही पुसून काढायचो. ही तिला एसीत निजवते. माणसाला पंखा आणि बुरशीला एसी!"

"तुम्हाला हा धंदा आवडत नाही तर."

"मला कोण विचारतंय? तुम्ही तेवढं कागदावर लिहा, की हा धंदा बेभरवशाचा आहे, वाढवू नये."

"मी नुकसान लिहिते सिस्टर, सल्ला नाही. अपघात ठरला तर विम्याचे पैसे मिळतील, बँकेचं समाधान होईल आणि उद्या ठरल्याप्रमाणे सह्या होतील. चार नव्या खोल्या. तारण हे घर."

तिच्या हातातला कप बशीवर खडखडला.

"विमा? विमा कधी काढला?"

"नव्या कर्जासाठी बँकेनेच काढायला लावला."

"मला कुणी बोललं नाही," ती पुटपुटली आणि एकदम उठून आत गेली. दिसायला सासू-सुनेचं नेहमीचं भांडण. पण मला ती बाई रागावलेली दिसली नाही, घाबरलेली दिसली.

अंगणात खतवाला आला होता. तयार खत तोच पुरवतो, आणि नव्या खोल्या झाल्या की ताई स्वतःचं खत बनवणार होती. म्हणजे याचं मोठं गिऱ्हाईक जाणार. मी सरळच विचारलं, "खोली तुम्ही वाफवलीत का?"

तो हसला नाही की चिडलाही नाही. "मॅडम, काल रात्री मी बहिणीच्या घरच्या लग्नाच्या मांडवात उभा होतो, शंभर माणसांनी बघितलंय. पण एक सांगू? या ताईचं गणित मला कधी कळलंच नाही. माझ्याकडून खत नेणारे बाकी सगळे रडतात. विजेचं बिल आलं की फोन करून मलाच शिव्या देतात. ही एकटी हसते. तेच खत, तीच वीज, तोच बाजार. हिलाच कसं परवडतं?"

तोच प्रश्न घेऊन मी ताईकडे गेले. ती आता पायरीवर बसली होती. मी खर्चाचं विचारलं, आणि बघता बघता तिच्या चेहऱ्यावर जीव आला.

"खत, बियाणं, वर पसरायची माती, तोडणीची मजुरी, डबे. आणि सगळ्यात मोठा खादाड म्हणजे वीज. खोली थंड ठेवायची, वर बाहेरची ताजी गरम हवा आत घ्यायची आणि तीही थंड करायची. हवा कोंडली की मशरूमचे देठ लांबतात, डोकी बारीक राहतात, मग कोण घेतं? बाजारात नेलं तर दलाली जाते. एक दिवस उशिरा तोडलं की टोपी उमलते आणि भाव निम्मा. तीन खोल्यांत हे यंत्रांचं ओझं निघतच नाही मॅडम. बाजारावर बसले असते तर कधीच कुलूप लागलं असतं."

"मग तुमचं कसं निघतं?"

"माझं हॉटेल आहे ना!" ती पहिल्यांदाच हसली. "चांगला माल सगळा तेच उचलतात. भाव पाडत नाहीत, डबा परत करत नाहीत, एकदाही तक्रार नाही. आता मॅनेजर स्वतः म्हणाला, अजून पाठवा, जेवढा द्याल तेवढा कमीच पडतो. त्याच्या भरवशावर तर चार खोल्या काढतेय."

एवढ्या वर्षांत मी धंदेवाले खूप पाहिले. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नव्हतं. पाणी कुठेतरी मुरत होतं.

हॉटेलला माल पोचवणारा टेंपोवाला क्रेट उतरवत होता. मी एक क्रेट उचलून हुंगला. जंतुनाशकाचा वास, आणि क्रेट आरशासारखा लख्ख.

"हे हॉटेलातून परत आलेले?"

"हो, तेच धुऊन देतात. बाकीची गिऱ्हाइकं तर क्रेटच परत देत नाहीत," तो म्हणाला.

"हॉटेल बघितलंय कधी?"

त्याने डोकं खाजवलं. "तसं नाही. मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक शटर आहे, हॉटेलचं गोदाम म्हणे. तिथेच उतरवतो."

मी निघाले, तेवढ्यात सिस्टरने काकांसाठी डबा आणून बाकावर ठेवला. डब्याला पांढरा रुमाल बांधलेला. चारही टोकं आत दुमडलेली आणि एकाच टोकाचा छोटासा कान बाहेर.

४

गल्लीत हॉटेलचा पत्ता नव्हता. शटरच्या आत मोठमोठी पातेली, वाफाळणारी शेगडी आणि टोपी घातलेला आचारी.

"हॉटेल? अहो, हे दवाखान्याचं स्वयंपाकघर," तो म्हणाला.

"मग मशरूम?"

"ते दान येतं. आमच्या जुन्या सिस्टर पाठवतात. पैसे त्याच कुणाला तरी भरतात म्हणे, पेन्शनमधून, ठेवी मोडून. आम्हाला फुकट. आम्ही पेशंटना सूप करून देतो."



"फोनवर मॅनेजर कोण बोलतो?"

आचारी लाजला. "मीच. सिस्टर म्हणाल्या मॅनेजरसारखं बोल, म्हणून मी आवाज जाड करून 'ओके, ओके' म्हणतो."

"आणि 'अजून पाठवा' हे सिस्टरांनी सांगितलं होतं?"

"नाही, ते माझ्या मनाचं. पेशंट मागून पितात हो सूप! पुरतच नाही. म्हणून म्हटलं, पाठवा अजून." माझा चेहरा बघून तो चाचरला. "का, काही चुकलं का?"

काय सांगणार त्याला? त्याच्या एका खऱ्या वाक्यावर तिकडे एक बाई घर गहाण टाकायला निघाली होती.

५

संध्याकाळी मी सगळ्यांना घराच्या पुढच्या खोलीत बसवलं. ताई, सिस्टर, बॉयलरवाले काका.

"अहवाल आज द्यायचाय," मी सुरुवात केली. "हा अपघात नाही. व्हॉल्व्ह मुद्दाम उघडला, आणि पुरेशी वाफ देऊन मुद्दाम बंद केला. दाराला ओले टॉवेल लावले, सेन्सर दवाखान्यातल्या निर्जंतुक पुडक्यासारखा घडी घालून बांधला. वाफेने वस्तू निर्जंतुक करायची सवय असलेल्या माणसाचं काम आहे हे."

"मॅडम," काका मध्येच उठले. आवाज ठाम होता. "माझं नाव लिहा. नोकराची चूक. मी विचारून घेतलंय, नोकराच्या चुकीला पैसे मिळतात. ताईंना पैसे मिळू देत, उद्या सह्या होऊ देत. मला काढून टाका, चालेल."

"काका, गप्प बसा!" सिस्टर एवढ्या जोरात ओरडली की मीसुद्धा दचकले. "सह्या होता कामा नयेत. काही लिहू नका यांचं नाव. मी केलं. खोली मी वाफवली."

ताईने सावकाश मान वळवली. "आई?"

"तुला झोपेची गोळी दिली आणि गेले. सेन्सर तेवढा काढून ठेवला. म्हटलं, साहेबाला भरली खोली दिसली नाही की कर्ज लांबेल, तेवढ्यात तुला समजावीन. विमा असेल, काकांवर बालंट येईल, हे माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं गं."

"पण का? एवढा राग माझ्या मशरूमवर?"

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आता मागे जायला वाट नव्हती.

"हॉटेल नाहीये, पोरी," ती म्हणाली. "हॉटेल मीच आहे."

सिस्टर बोलत राहिली, पाट फुटावा तशी. "पहिलं पीक आलं तेव्हा तू बाजारात गेलीस आणि दलालाने तुला मातीमोल भाव दिला. घरी येऊन तू पुन्हा त्या पलंगाकडे निघालीस. मी बघितलं. मुलगा गेला तो गेला, तुला नव्हतं जाऊ द्यायचं मला. म्हणून एकदाच म्हटलं, घेऊ विकत. मग दुसऱ्यांदा घेतलं. तू हसायला लागलीस, जेवायला लागलीस. मी थांबू कशी? पण आता ठेवी संपल्या, आणि तू घर द्यायला निघालीस त्या हॉटेलच्या जिवावर. सांगितलं असतं तर तू मोडली असतीस. नाही सांगितलं तर घर गेलं असतं. मला तिसरं काही सुचलं नाही."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हणजे मला कधी परवडलंच नाही?"

ताई खिडकीतून तिन्ही खोल्यांकडे बघायला लागली.

"सगळे म्हणायचे, हिलाच कसं जमतं. मी मान वर करून सांगायचे त्यांना." तिचा आवाज फुटला. "आणि ते मशरूम? फेकून देत होता?"

"नाही, नाही!" सिस्टर पुढे झाली. "वॉर्डात जायचे. पेशंट प्यायचे सूप."

"मी विचारून आलेय," मी म्हटलं. "तिथला आचारी सांगतो, पुरत नाही. पेशंट मागून पितात."

ताई उठली. कुणाकडेही न बघता आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

६

सिस्टर मटकन खाली बसली. "संपलं," ती म्हणाली. "त्याच पलंगावर गेली. मीच घातली तिला परत तिथे." आयुष्यभर मरणं बघितलेली बाई ओंजळीत तोंड घालून हुंदके देत होती. काका भिंतीला टेकून उभे होते, डोळे पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मी अहवालाचे कागद चाळल्यासारखं करत होते. अक्षर एकही दिसत नव्हतं. गुन्हा सापडला की मला एरवी बरं वाटतं. त्या संध्याकाळी मला माझ्या हुशारीचा तिटकारा आला.

आतून काही आवाज नाही. रडण्याचासुद्धा नाही. सिस्टर दोनदा दारापर्यंत गेली आणि न ठोठावता परत आली.

शेवटी कडी वाजली. ताई बाहेर आली. डोळे सुजलेले, नाक लाल, पण केस वर घट्ट बांधलेले आणि बाह्या दुमडलेल्या.

"मॅडम, विम्याचा दावा मी मागे घेते. कागद द्या, सही करते. बँकेलाही कळवा. चार खोल्या नकोत. आहेत त्या तीन तरी झेपतात का, ते आता खऱ्या भावाने बघायचंय."

मी कागद पुढे केला. तिने सही केली आणि काकांकडे वळली. "काका, तीन नंबरमध्ये शेवटच्या तोडणीचा थोडा माल तयार आहे. आज तोडला नाही तर उद्या उमलेल, मग कुणी हात लावणार नाही. दिवे लावा."

काका धावतच सुटले. सिस्टर खालीच बसून होती, तोंड वर करून सुनेकडे बघत. ताई तिच्यासमोर उभी राहिली. त्या नजरेत राग होता. चांगला धगधगीत, जिवंत माणसाचा राग.

"मला न विचारता माझं गिऱ्हाईक झालात ना? आता उठा. सकाळी बाजारात माझ्याबरोबर यायचं. भाव मी करणार. तुम्ही एक रुपयाचंही विकत घ्यायचं नाही, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही."

"हो," सिस्टर म्हणाली.

"आणि त्या दवाखान्याच्या आचाऱ्याचा नंबर द्या. सूप आवडतं ना त्यांना? मग दवाखान्याला विकत घ्यायला सांगते. फुकट खूप झालं."